आकाशातून पीकपाहणी : उपग्रहाचे चित्र आणि बांधावरची नोंद

मंगळवेढ्याच्या काळ्या शिवारात शाळू गुडघ्याएवढा झाला असता कृषी खात्याचा कार्यकर्ता हाती मोबाइल घेऊन बांधावर उभा राहिला, की शेतकऱ्याचा प्रश्न ठरलेला असतो : ‘भाऊसाहेब, आता उपग्रहाला वरनं समदं दिसतंय म्हणत्यात. मग तुम्ही उन्हातान्हात कशापायी हिंडताय?’ प्रश्न रास्त आहे. त्यास थोडक्यात उत्तर द्यावयाचे तर ते असे : ‘आबा, त्याला दिसतं, पण ओळखता येत नाही. ओळख तुम्ही-आम्ही करून द्यायची.’ उपग्रहाला नेमके काय दिसते, काय दिसत नाही, आणि बांधावरची नोंद चुकली अथवा राहिली तर त्याची झळ कोणास पोहोचते, ह्याचा विचार प्रस्तुत पाठात केला आहे.

पिकांची मोजदाद कशासाठी

गावात, तालुक्यात वा राज्यात ज्वारी किती पिकेल, हे सांगावयाचे झाल्यास दोन गोष्टी ठाऊक असाव्या लागतात. एक, ज्वारीखाली क्षेत्र किती. आणि दुसरी, दर हेक्टरी उतारा किती. धान्याची व कडब्याची तरतूद, टंचाईची पाहणी, पीक विम्याची भरपाई ही सर्व कामे ह्या दोन आकड्यांवर उभी असतात.

क्षेत्राची नोंद गाव नमुना बारामध्ये होते. १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रात ई-पीक पाहणी सुरू झाली व आपल्या शेतातील पिकाची नोंद छायाचित्रासह स्वतः करण्याची सोय शेतकऱ्यास मिळाली. उताऱ्यासाठी पीक कापणी प्रयोग करतात. यदृच्छेने निवडलेल्या शेतात ठराविक मापाचा तुकडा आखून, त्यातील पीक कापून, मळून तोलावयाचे, ही शास्त्रशुद्ध पद्धत १९४० नंतरच्या दशकात डॉ. पां. वा. सुखात्मे व डॉ. वि. गो. पानसे ह्या दोघा संख्याशास्त्रज्ञांनी आपल्या देशात रुजविली. डॉ. सुखात्मे हे मूळचे सातारा जिल्ह्यातील बुध गावचे. त्यांनी घालून दिलेली रीत आजही सोडून चालत नाही.

अडचण आहे ती शेतांच्या संख्येची व आकाराची. २०१५-१६ च्या कृषी गणनेप्रमाणे महाराष्ट्रातील सरासरी जमीनधारणा १.३४ हेक्टर आहे. एवढ्यातही एका शेतात शाळू, शेजारी हरभरा, कडेला करडई, विहिरीजवळ थोडा गहू असा प्रकार असतो. असे प्रत्येक शेत हंगामात वारंवार पाहणे मनुष्यबळाने शक्य नाही. हे काम उपग्रह करू शकतो.

उपग्रहाला काय दिसते

आपल्या देशात ह्या विद्येचा आरंभ माडाच्या झाडापासून झाला. १९७० च्या सुमारास डॉ. पिशारोटी ह्यांच्या मार्गदर्शनाखाली केरळात हेलिकॉप्टरमधून अवरक्त छायाचित्रे घेऊन मुळकुजव्या रोगाने पछाडलेले माड शोधण्याचा प्रयोग करण्यात आला. पुढे, ज्या १९७२ साली महाराष्ट्राने भीषण दुष्काळ भोगला, त्याच वर्षी जुलैमध्ये अमेरिकेने लँडसॅट मालिकेतील पहिला उपग्रह सोडला. १७ मार्च १९८८ रोजी भारताचा आयआरएस-१ए हा दूरसंवेदन उपग्रह आकाशात गेला. आज नागपूर येथील महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र आणि २०१२ साली दिल्ली येथे स्थापन झालेले महालनोबिस राष्ट्रीय पीक अनुमान केंद्र ह्या संस्था उपग्रहचित्रांचा उपयोग शेतीसाठी करीत आहेत.

उपग्रह शेताचे चित्र घेतो म्हणजे शेतावरून परावर्तित झालेला सूर्यप्रकाश मोजतो. हिरवे पान सूर्यप्रकाशातील तांबडा भाग आपल्या अन्नासाठी शोषून घेते; परंतु मानवी डोळ्यास न दिसणारे अवरक्त किरण मात्र मोठ्या प्रमाणात परत फेकते. उघडी जमीन असा भेद करीत नाही. ह्या फरकावरून एक साधे गणित मांडतात : अवरक्तातून तांबडा वजा करावा व आलेल्या संख्येस दोहोंच्या बेरजेने भागावे. ह्यास वनस्पती-निर्देशांक म्हणतात.

उदाहरणार्थ, भरगच्च शाळवाच्या शेतावरून पडलेल्या प्रकाशापैकी अवरक्त ४० टक्के व तांबडा ८ टक्के परत आला, तर वजाबाकी ३२, बेरीज ४८ व निर्देशांक ०.६७ येतो. शेजारच्या नांगरट झालेल्या रानावरून अवरक्त १५ व तांबडा १० टक्के परत आला, तर वजाबाकी ५, बेरीज २५ व निर्देशांक ०.२० येतो. म्हणजे हिरवाई किती, हे आकड्यात सांगता येते. पण ती हिरवाई शाळवाची, करडईची की गवताची, हे ह्या एका आकड्यावरून कळत नाही, हे ध्यानात ठेवावे.

एक ठिपका म्हणजे एक गुंठा

उपग्रहाचे चित्र ठिपक्यांचे बनलेले असते. ह्या ठिपक्यास पिक्सेल म्हणतात. एका ठिपक्यातील सर्व रानाचा मिळून एकच आकडा येतो. पहिल्या लँडसॅटचा ठिपका सुमारे ८० मीटर बाजूचा होता. म्हणजे दीड एकराहून अधिक रान एका ठिपक्यात बुडत असे. भारताच्या रिसोर्ससॅट उपग्रहावरील लिस-३ कॅमेऱ्याचा ठिपका २३.५ मीटरांचा, म्हणजे सुमारे साडेपाच गुंठ्यांचा आहे. युरोपीय अवकाश संस्थेचा पहिला सेंटिनेल-२ उपग्रह २०१५ साली व त्याचा जोडीदार २०१७ साली सोडण्यात आला. ह्या मालिकेच्या चित्रातील तांबड्या व अवरक्त किरणांचा ठिपका १० मीटरांचा असतो. दोन उपग्रह मिळून दर ५ दिवसांनी त्याच जागेवरून जातात आणि त्यांची चित्रे विनामूल्य मिळतात.

दहा मीटर गुणिले दहा मीटर म्हणजे १०० चौरस मीटर, अर्थात एक आर. सातबारावर क्षेत्र हेक्टर-आरमध्येच लिहिलेले असते. गुंठा १०१ चौरस मीटरांचा. तेव्हा एक ठिपका म्हणजे जवळजवळ एक गुंठा, असे म्हणण्यास हरकत नाही. एकरभर शेतात ४० ठिपके बसावेत, असे वाटेल. प्रत्यक्षात तसे होत नाही, कारण ठिपक्यांची चौकट शेताच्या बांधाप्रमाणे आखलेली नसते. एक एकराचे चौरस शेत सुमारे ६३ मीटर बाजूचे असते. त्यात बांधाला न शिवणारे, निव्वळ त्याच शेताचे असे २५ ते ३६ ठिपके मिळतात. बाकीच्या ठिपक्यांत बांध, बाभूळ व शेजाऱ्याचे पीक मिसळलेले असते.

आता तेवढ्याच क्षेत्राची भाऊवाटणीत आलेली पट्टी घ्यावी : रुंदी २० मीटर, लांबी २०० मीटर. चौकट थोडी जरी सरकली, तरी रुंदीत एकच पूर्ण ठिपका बसतो आणि साऱ्या पट्टीत निव्वळ ठिपके १९ च राहतात. पट्टी तिरपी असल्यास तेही घटतात. लिस-३ च्या चित्रात तर अशा पट्टीचा एकही निव्वळ ठिपका मिळणार नाही. शेत जितके लहान व अरुंद, तितकी त्याची ओळख पटणे अवघड. लहान शेतकऱ्याच्या बाबतीत चूक होण्याचा संभव अधिक असतो, त्याचे हे पहिले कारण होय.

ओळख एका चित्राने पटत नाही

अनुभवी शेतकरी पेरणी कधी झाली, पीक केव्हा निसवले व केव्हा वाळले, ह्यावरून लांबूनही पीक सांगू शकतो. संगणकासही हेच शिकवावयाचे असते. एकाच शेताचे हंगामभराचे निर्देशांक क्रमाने मांडले, की त्या पिकाची चढउताराची रेषा तयार होते.

शाळवाची पेरणी सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत होते व काढणी फेब्रुवारी-मार्चमध्ये. हरभरा ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरतात. त्याची हिरवाई उशिरा चढते. बागायती गहू नोव्हेंबरात पेरतात व तो मार्चमध्ये पिवळा पडतो. तूर जूनपासून उभी असते. ऊस तर वर्षभर हिरवाच असतो. ह्या रेषा एकमेकींपासून वेगळ्या दिसतात. करडईचा काळ मात्र शाळवाच्या काळाशी बराच जुळतो आणि तेथे गफलत होते. शाळवात करडईच्या ओळी असल्या तर ठिपक्यात दोन्ही पिकांची सरासरी येते.

रब्बीत आकाश निरभ्र असल्याने चित्रे बरी मिळतात. खरिपात ढगांमुळे आठवडेच्या आठवडे जमीन दिसत नाही. त्यासाठी सेंटिनेल-१ ह्या उपग्रहासारखी रडारची सोय आहे. रडार स्वतः लहरी सोडते व परत आलेल्या लहरी मोजते. तिला ढग वा रात्र आडवी येत नाही. कोकणातील चिखलणी केलेल्या भातखाचरात पाणी साचलेले असता लहरी पाण्यावरून दुसरीकडे निसटतात व खाचर काळे दिसते. लावणीनंतर भात वाढू लागला, की तेच खाचर उजळ होत जाते. काळ्याचे उजळ होणे, ही भाताची खूण होय.

विरळ शाळू आणि पडीक रान

येथवर वाचून, साधने चांगली असल्यावर काम आपोआप होईल, असे वाटण्याचा संभव आहे. संगणक मात्र स्वतः काही जाणत नाही. ‘ह्या ठिकाणी शाळू आहे, त्या ठिकाणी हरभरा आहे’ अशा शेतावर जाऊन केलेल्या नोंदी त्यास पुरवाव्या लागतात. त्या नोंदींच्या शेतांसारखी दिसणारी शेते तो पुढे सर्वत्र शोधतो. नोंद खरी व सर्वांगीण असेल, तर नकाशा खरा. नोंद खोटी वा एकांगी असेल, तर एका बांधावरची चूक हजारो गुंठ्यांवर पसरते.

समजा, एका कार्यकर्त्याने वेळ वाचविण्यासाठी पक्क्या सडकेच्या कडेच्याच शेतांच्या नोंदी केल्या. सडकेलगत विहिरी आहेत, शाळवास दोन पाणी मिळाले आहे आणि पीक डोलत आहे. संगणक शिकला की शाळू म्हणजे असा दाट व हिरवागार. आता माळाकडच्या हलक्या रानात एका कोरडवाहू शेतकऱ्याने पेरलेला शाळू पहावा. परतीचा पाऊस झाला नाही, ओल तुटली, ताटे विरळ व कमरेच्या खाली राहिली. मधून काळी जमीन दिसते. ह्या शेताचा निर्देशांक पडीक रानाहून फारसा वेगळा येत नाही. संगणक त्यास पडीक ठरवितो. बियाणे गेले, मशागतीचा खर्च गेला, आणि नकाशात पेरल्याचीही खूण उरली नाही. ज्याचे सर्वांत अधिक नुकसान झाले, तोच मोजदादीतून गळतो. आणि उरलेल्या चांगल्या शेतांवरून तालुक्याचे पीक बरे आहे, असा समज होतो.

हा धोका काल्पनिक मानू नये. २०१६ पासून चालू असलेल्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेत २०२३ पासून भात व गहू ह्या पिकांच्या उताऱ्याच्या अंदाजात दूरसंवेदनास किमान ३० टक्के वजन देण्याची पद्धत आणली गेली. चित्रावरून निघणाऱ्या आकड्याचे महत्त्व वाढत आहे; तद्वत शेतातील नोंदीची जबाबदारीही वाढत आहे.

शेतातील नोंद कशी करावी

कार्यकर्त्यांनी पुढील गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात.

१. नोंद बांधावरून न करता शेतकऱ्याच्या परवानगीने शेताच्या मध्यभागी उभे राहून करावी. मोबाइलवरील स्थानदर्शनात उघड्या रानातही काही मीटरांची चूक असते. वीस मीटर रुंदीच्या पट्टीत बांधावर उभे राहून केलेली नोंद शेजाऱ्याच्या नावावर जाऊ शकते.

२. शेतात गेल्याबरोबर घाईने बटण दाबू नये. स्थानाचा आकडा स्थिर होईपर्यंत थांबावे. झाडाखाली उभे राहू नये.

३. पिकाच्या नावाबरोबर पेरणीचा पंधरवडा, वाढीची अवस्था, बागायत की कोरडवाहू, हे लिहावे. पेरणीची तारीख शेतकऱ्यास विचारावी; अंदाजाने घालू नये.

४. मिश्रपीक वा आंतरपीक असल्यास दोन्ही पिके व ओळींचे प्रमाण लिहावे. केवळ मुख्य पीक लिहून मोकळे होऊ नये.

५. उत्तम, मध्यम व निकृष्ट अशा तिन्ही प्रकारच्या शेतांच्या नोंदी घ्याव्यात. विरळ, करपलेला, मोडून टाकलेला शाळू असेल तर तसे स्पष्ट लिहावे. नोंदींपैकी काही सडकेपासून दूरच्या वस्त्यांवरील असाव्यात.

६. शाळवाखेरीज इतर गोष्टीही नोंदवाव्यात : हरभरा, करडई, गहू, ऊस, फळबाग, गवताळ माळ, बाभळीचे बन, पडीक. शाळू काय नव्हे, हे कळल्यावाचून शाळू काय, हे संगणकास कळत नाही.

७. शंका असल्यास ‘निश्चित नाही’ असे लिहावे. चुकीच्या नोंदीपेक्षा कोरी नोंद बरी. कचेरीत बसून मागाहून रकाने भरणे सर्वथा टाळावे.

८. हंगामात निदान दोनदा, पीक पोटरीत असता व काढणीपूर्वी, त्याच शेतावर जावे.

नकाशाची परीक्षा

तयार झालेला नकाशा तपासल्याशिवाय स्वीकारू नये. त्यासाठी काही नोंदी प्रथमपासूनच बाजूला ठेवतात व त्या संगणकास दाखवीत नाहीत. परीक्षेची रीत एका उदाहरणाने समजेल.

समजा, यदृच्छेने निवडलेल्या १०० ठिकाणी जाऊन पाहिले. प्रत्यक्षात ४० ठिकाणी शाळू व ६० ठिकाणी इतर काही होते. शाळवाच्या ४० पैकी ३४ ठिकाणे नकाशाने बरोबर ओळखली, ६ चुकविली. इतर ६० पैकी ५० बरोबर ओळखली, पण १० ठिकाणी शाळू नसता शाळू दाखविला. एकूण ८४ ठिकाणे बरोबर. म्हणजे नकाशा शंभरात चौऱ्याऐंशी गुणांचा ठरला.

हे गुण चांगले दिसतात, परंतु तेवढ्यावर थांबू नये. नकाशावर शाळू ३४ अधिक १०, म्हणजे ४४ ठिकाणी आहे. प्रत्यक्षात तो ४० ठिकाणीच आहे. केवळ ठिपके मोजून क्षेत्र काढले असते, तर ते दहा टक्क्यांनी फुगले असते. म्हणून परीक्षेत आढळलेल्या चुकांच्या प्रमाणात क्षेत्राचा आकडा दुरुस्त करावा लागतो. शिवाय चुकलेली ती ६ शेते कोणती, हे अवश्य पहावे. ती सर्व माळाकडची कोरडवाहू शेते असतील, तर तेथील नोंदी वाढवून संगणकास पुन्हा शिकविले पाहिजे. शंभरातील चौऱ्याऐंशीचे समाधान त्या सहा शेतकऱ्यांच्या उपयोगाचे नाही.

नकाशाचा उपयोग कोठवर

तालुक्याचा वा महसूल मंडळाचा अंदाज घेणे, पीक कोठे मागे पडले आहे हे वेळेवर ओळखणे, कापणी प्रयोगासाठी योग्य गावे निवडणे, ई-पीक पाहणीतील विसंगती शोधणे, ह्या कामी उपग्रहाचा नकाशा अत्यंत उपयुक्त आहे. परंतु एकट्या शेतकऱ्याच्या एका पट्टीबाबत नकाशा व शेतकरी ह्यांचे म्हणणे जुळत नसेल, तर प्रत्यक्ष शेतावर जाऊन पाहणे हाच मार्ग होय. नकाशावर पडीक दिसले म्हणून पडीक लिहिणे योग्य नव्हे.

शेतकरी बांधवांनीही आपला वाटा उचलावा. ई-पीक पाहणी मुदतीत करावी. आंतरपीक असल्यास त्याची नोंद वगळू नये. छायाचित्र शेताच्या आतून, पीक स्पष्ट दिसेल असे घ्यावे. पीक बुडाले असेल, तर लाजेने वा निराशेने नोंद टाळू नये. बुडालेल्या पिकाची नोंद ही उभ्या पिकाच्या नोंदीइतकीच महत्त्वाची आहे.

येत्या रब्बीत ज्या कार्यकर्त्याकडे नोंदीचे काम येईल, त्याने गावाच्या नकाशावर प्रथम सडकेपासून सर्वांत दूरची वस्ती शोधावी व कामाचा आरंभ तेथून करावा. सडकेकडची शेते येताना वाटेत लागतीलच.